ताशी ७.२ किलोमीटर

२ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

पोहोचले. बॅगही पोहोचली. दोन्ही शाबूत.

पुढचे सहा महिने कसे जाणार ते आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे शेवटी ताडून पाहता येईल. सहा महिने मापनाच्या लॅबमध्ये काम. फेब्रुवारीत निवड. बाहेरच्या देशांतून आलेल्या आम्हा अकरा जणांपैकी एकाला प्रोफेसर पुढची दोन वर्षं लॅबमध्ये ठेवून घेणार. ती एक मी. बाकीच्या दहांनी देश बघून घ्यावा, फोटो काढावेत.

राहायचं यजमान कुटुंबांत. तीन घरं, प्रत्येकी दोन महिने. निवडीच्या वेळी यांपैकी एका तरी घराचं पत्र लागतं, की ही मुलगी पुढेही आमच्याकडे राहिली तर चालेल. समन्वयक बाईंनी ही अट तीनदा सांगितली. ज्यांचे गुण कमी पडतात त्यांच्या सोयीसाठी असावी. माझी अडचण उलटी होणार. तिन्ही घरं पत्र देणार आणि निवड मला करावी लागणार. निकषांचा तक्ता करून ठेवला आहे.

आईचा फोन. म्हणाली, लोकांच्या घरात राहायला गेली आहेस, तपासणीला नाही. मी म्हटलं, मी कधी कुणाला काही बोलते का. ती म्हणाली, बोलत नाहीस गं, बघतेस.

४ सप्टेंबर

घर पहिलं. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. त्यांना मास्तर म्हणेन. बायको दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली. मुलगी नऊ वर्षांची. मी बॅग उघडायच्या आत तिचे चौदा प्रश्न झाले. तिचं नाव चौकशी खातं.

मास्तर म्हणाले, हे आपलंच घर समज. समजणं अवघड आहे. नळाला गरम आणि थंड उलटं. फ्रिजचं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. स्वयंपाकघरातलं घड्याळ बारा मिनिटं पुढे. आमच्या घरी असलं काही चालत नाही.

६ सप्टेंबर, रात्री ८.१५

लॅबचा पहिला दिवस. नऊ मिनिटं उशीर. माझा नाही.

नकाशाप्रमाणे घर ते लॅब २.४ किमी. माझा चालण्याचा वेग ताशी ७.२. सातवीत विज्ञान प्रदर्शनासाठी मोजला होता: घर ते शाळेचं फाटक, सायकलच्या चाकाचे फेरे मोजून काढलेलं अंतर २.४ किमी, घरून ७.१० ला निघायचं, ७.३० च्या घंटेला फाटकात. वीस मिनिटं. महिनाभर एकाही दिवशी फरक नाही. पाचवी ते दहावी, सलग सहा वर्षं, वक्तशीरपणाचं बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.

आज ८.४० ला निघाले, ९.०९ ला पोहोचले. म्हणजे खरं अंतर ३.४८ किमी आहे आणि नकाशा चुकीचा आहे. नगरपालिकेला कळवलं.

प्रोफेसरांचं पहिलं व्याख्यान चांगलं होतं. कोणतंही उपकरण, कितीही भारी असो, वर्षातून एकदा प्रमाणाशी ताडून पाहायचं. एकदा बरोबर ठरलं म्हणून कायम बरोबर धरलेलं उपकरण सगळ्यात घातक. वाक्य उतरवून घेतलं. शेजारचा मुलगा जांभया देत होता. तो सगळ्यांकडे बघून हसतो, भिंतीकडे बघूनही. हसरा. त्याचं थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवतं आणि तो म्हणतो, चला, तेवढीच ऊब.

१० सप्टेंबर, सकाळी ६.०५

सगळे झोपलेले असताना स्टुलावर चढून घड्याळ बरोबर केलं. कुणाला सांगितलं नाही. चांगल्या कामाचा गाजावाजा करायचा नसतो.

१५ सप्टेंबर

घरात भांडणं. मास्तरांच्या एका शिकाऊ बाईंची परीक्षा होती. मास्तर बारा मिनिटं उशिरा पोहोचले, तोवर परीक्षक निघून गेलेले. चौकशी खात्याची शाळेची बस दोनदा चुकली. बायकोने विचारलं, सकाळी इतका वेळ आरशासमोर काय करता. मास्तर म्हणाले, या घरात आरशासमोर कोण असतं ते शेजाऱ्यांनासुद्धा माहीत आहे.

उलगडा झाला तो असा. ही माणसं घड्याळ बघतात आणि मनातल्या मनात बारा वजा करतात. तिघंही. दोन-अंकी वजाबाकी अडणारी मुलगीसुद्धा. घड्याळ दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात, ते सोडून यांनी चूकच पाठ करून टाकली आहे. आता बरोबर वेळेतूनही बारा वजा करत बसले आहेत. अशा लोकांना वेळ दाखवून उपयोग काय.

दोष कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मला कुणी विचारलं नाही.

१६ सप्टेंबर

चौकशी खात्याने फोडलं. त्या दिवशी पाणी प्यायला उठली होती, मला स्टुलावर बघितलं होतं. रहस्य पोटात ठेवून सहा दिवस मजा बघत होती. पुढे जाईल.

मास्तरीणबाई म्हणाल्या, अगं, निदान सांगायचं तरी. मास्तर म्हणाले, मी पहिल्या दिवशी शिकवतो, गाडी तू चालवणार असशील तर आरसा हलव. शेजारी बसली असशील तर हात मांडीवर. मी म्हटलं, घड्याळ चुकीचं होतं. ते म्हणाले, आमच्यापुरतं बरोबर होतं.

मग माझ्यासमोर काटे बारा मिनिटं पुढे केले आणि घरात एकदम हसणं वगैरे सुरू झालं. विज्ञानाची ही अवस्था प्रत्यक्ष बघायला मिळाली.

ठराव पहिला: यापुढे वस्तूंना हात लावायचा नाही. दोष दिसला की तोंडाने सांगायचा. पुराव्यासह.

९ ऑक्टोबर

दोन महिने व्हायच्या आत घर बदललं. समन्वयक बाई म्हणाल्या, दुसरं कुटुंब लवकर तयार झालं. मागणी आहे असं दिसतं.

निघताना चौकशी खात्याने चित्र दिलं. घड्याळ, स्टूल, स्टुलावर मी. नाक चुकलं आहे. वहीत ठेवलं, कारण कागद चांगला आहे.

१२ ऑक्टोबर

घर दुसरं. पडदे शिवणाऱ्या बाई आणि त्यांचे थोरले भाऊ, रेल्वेतून निवृत्त. दोघांचं मिळून वय एकशे एकोणचाळीस. बाई दिवसभर मशीनवर. भाऊ दिवसभर खुर्चीत. खुर्चीला, सोफ्याला, रेडिओला, टोस्टरलासुद्धा बाईंनी शिवलेली झालरीची कव्हरं. या घरात स्वस्थ बसलं तर आपल्यालाही कव्हर चढेल.

रोज संध्याकाळी सातला दोघांचे पत्ते. एक डाव. हरेल त्याने भांडी घासायची. भाऊ जिंकतात, मग तासभर बहिणीला चिडवतात. शिवता येतं, खेळता येत नाही. बहीण म्हणते, नशीब फुटकं माझं, लहानपणापासून तुझ्या ताटाखालचं मांजर. आणि गाणं गुणगुणत भांडी घासते.

लॅब इथून १.६ किमी, म्हणजे तेरा मिनिटं वीस सेकंद. आज सहा मिनिटं उशीर. याही भागाचा नकाशा चुकीचा आहे, तेही कळवलं. नगरपालिकेने पहिल्या पत्राचं उत्तर पाठवलं: अंतर पुन्हा मोजलं, बरोबर आहे. आपलीच तपासणी आपणच करायची म्हटल्यावर दुसरं काय होणार.

३० ऑक्टोबर

सलग अठरा डाव नोंदवले. अठराही भावांनी जिंकले. सरळ खेळात याची शक्यता दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीसमध्ये एक. म्हणून आज ते फिरायला गेल्यावर खुर्ची तपासली. उजव्या हाताच्या कव्हरला आतून कप्पा आहे, बरोबर पत्त्याच्या मापाचा. आत दोन एक्के आणि एक राजा. कप्प्याची शिलाई अतिशय सुबक, दुहेरी टीप, कडा दुमडलेल्या. सत्तरीचा माणूस फसवण्यासाठी इतके कष्ट घेतो.

ठरावाप्रमाणे कशालाही हात लावला नाही. म्हणजे लावला, पण सगळं होतं तसं ठेवलं.

३१ ऑक्टोबर, रात्री ८.३०

सांगितलं. पत्ते वाटायच्या आधी, दोघांसमोर, आकडेवारीसह. कप्पा उलटा करून दाखवला.

आभार मानायला माणसं वेळ घेतात, हे मला मान्य आहे. पण भाऊ नुसते खिडकीकडे बघत राहिले. बाई आधी कप्प्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. म्हणाल्या, मला काही माहीत नव्हतं. अगदी सावकाश म्हणाल्या, प्रत्येक शब्दाला टीप घातल्यासारखं. मग म्हणाल्या, झालं का तुझं समाधान.

मी म्हटलं, समाधानाचा प्रश्न नाही, अठरा डावांचा आहे.

१५ नोव्हेंबर

पत्ते बंद. आता भाऊ भांडी घासतात, कुणी न सांगता. दोन कप फोडले. संध्याकाळी सातला बाई मशीन चालू करतात आणि पडदा नसतानाही चालवत राहतात. बाकी घर शांत. अभ्यासाला उत्तम.

आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कप्पा शिवला कोणी. मी म्हटलं, त्या माणसाने. आई म्हणाली, त्याला सुईत दोरा ओवता येतो का.

हा प्रश्न तपासणीच्या कक्षेत येत नव्हता.

२ डिसेंबर

घर बदललं. पडद्यांचं कापड ठेवायला खोली हवी म्हणे. भाऊ दारापर्यंत आले नाहीत. बाईंनी माझ्या लॅपटॉपला कव्हर शिवून दिलं. आत एक छोटा कप्पा आहे. कशासाठी, विचारलं. म्हणाल्या, असू दे, कधीतरी लागतो.

ठराव दुसरा: हात लावायचा नाही. सांगायचंही नाही. फक्त नोंद.

५ डिसेंबर

घर तिसरं. अखेर तांत्रिक माणूस. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले काका, आणि काकू. काका नुसत्या आवाजावरून कुठलं चाक झिजलंय ते सांगायचे म्हणतात. आता उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणजे निम्म्या लिफ्ट तशाच राहणार. पण घरात प्रत्येक स्क्रू जागच्या जागी, हत्यारांच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा. पहिल्यांदाच मला तक्रारीला जागा नाही. थोडं गैरसोयीचं वाटतं.

माझी खोली वरच्या मजल्यावर. काकू म्हणाल्या, ती तुझी. तू बोलावल्याशिवाय आम्ही वर पाय ठेवणार नाही.

संध्याकाळी कपाटामागच्या पाइपातून टपटप ऐकू आली. सांध्यातून गळती, मिनिटाला तीन थेंब. ठरावाप्रमाणे: नोंद.

१९ डिसेंबर

मिनिटाला सात थेंब. आलेख सुरू केला.

इथून लॅब ३.२ किमी, सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद. रोज बारा मिनिटं उशीर. कारणं तीन: चढ, बर्फ, आणि चौकातला सिग्नल. प्रत्येकी चार मिनिटं धरली तर हिशेब तंतोतंत बसतो.

लॅबचा हजेरीवाला माझ्या नावापुढे रोज बारा लिहितो. आज म्हणाला, बाई, तुमच्यावर घड्याळ लावावं इतका तुमचा उशीर नेमका. बोलण्यात टोमणा असला तरी निरीक्षण अचूक आहे.

हसरा सध्या पाच घरांत जेवतो. पैकी एक घर मास्तरांचं. तिथे तो चार्जर मागायला गेला होता आणि चौकशी खात्याने त्याला सोडलं नाही. त्याची मोजमापं अजून दोन अंशांनी चुकतात. कामाची ज्याला किंमत नाही त्याला माणसं गोळा करायला वेळ मिळतोच.

११ जानेवारी

एकोणीस थेंब. वाढ सरळ रेषेत नाही, वक्र आहे. फार सुंदर वक्र.

जेवताना काकांनी विचारलं, वर सगळं ठीक ना, काही हवं-नको. सांगण्याचा मोह झाला. आवरला. मागच्या दोन घरांचा अनुभव वाया जाऊ द्यायचा नाही. म्हटलं, सगळं ठीक.

२९ जानेवारी

एक्केचाळीस थेंब.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी जेवणघराचं छत, अंदाजे दीड चौरस मीटर, टेबलावर आलं. काकू मीठ आणायला आत गेल्या होत्या. काका लसणाची पाकळी खाली पडली म्हणून वाकले होते. मी वर होते, मोजत.

कुणाला लागलं नाही. जेवण गेलं.

काका पाणी बंद करायला वर आले. बोलावल्याशिवाय आले, पण प्रसंग तसा होता. टेबलावर आलेख होता. चष्मा लावून बराच वेळ बघितला. म्हणाले, चांगला काढलायस. दोन्ही अक्षांवर एककं लिहिली आहेस. मग पाच डिसेंबरच्या बिंदूवर बोट ठेवलं. विचारलं, तीन थेंब होते तेव्हा तू काय करत होतीस.

मी म्हटलं, मोजत होते.

ते म्हणाले, आम्ही खाली जेवत होतो.

उत्तर तयार होतं: कुणी विचारलं नाही. पण यांनी विचारलं होतं. अकरा जानेवारीला. नोंद आहे.

१ फेब्रुवारी

निवड वीस तारखेला, सकाळी दहाला. पत्राचा मसुदा करून पहिल्या दोन घरांना पाठवला. त्यांना फक्त सही करायची आहे. दोन्ही पत्रं आली तर कुणाला वाईट वाटू नये म्हणून नकाराचाही मसुदा तयार आहे.

तिसऱ्या घराला तूर्त विचारलं नाही. तिथे छत चालू आहे.

८ फेब्रुवारी

मास्तरांचं उत्तर. खोली रिकामी नाही. आहे. मी काल तिथून गेले, पडदा उघडा होता, पलंगावर इस्त्रीचे कपडे होते. त्यांनी हसऱ्याला मात्र पत्र दिलं आहे. तो स्वतःच सांगत होता, हसत. वर म्हणाला, तुला नाही दिलं का, काहीतरी चुकलं असेल, मी बोलू का. मी म्हटलं, थर्मामीटरकडे बघ.

पडदेवाल्या बाईंचं उत्तर दोन ओळींचं. आता घर फारच शांत झालंय. तुला आवडेल, पण आम्हालाच सोसत नाही.

१२ फेब्रुवारी

गेले दोन रविवार काकांबरोबर पाइप आणि छत. मी टॉर्च धरायची, ते सांधा बसवायचे. माझ्याकडून एकही चूक झाली नाही, कारण टॉर्च धरण्यात चूक करायला वाव नसतो. आज काम संपल्यावर त्यांनी विचारलं, तुला ते पत्र लागतं ना. मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं. म्हणाले, तू नाही सांगितलंस एवढं खरं. समन्वयक बाईंना फोन केला मी.

जेवणाच्या टेबलावर, प्लास्टरची धूळ पुसून, हाताने लिहिलं. पाकीट बंद केलं नाही. म्हणाले, वाच हवं तर.

पत्र असं: मुलगी मोजते बरोबर. सांगत नाही. सांगायला शिकेल असं वाटतं, कारण गेल्या रविवारी टॉर्च धरून दोनदा म्हणाली की काका, इथे ओल आहे. आमच्याकडे राहिली तर चालेल. छत नवं आहे.

भाषा ओबडधोबड आहे. माझा मसुदा बरा होता. तरी चालेल. चार वेळा वाचलं, काना-मात्रा तपासण्यासाठी.

जागा माझी.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००

तयारी पूर्ण. पत्र लॅपटॉपच्या कव्हरच्या कप्प्यात. नेमकं बसलं.

प्रोफेसरांनी फळ्यावर लिहिलं आहे: दहाला दार बंद. ज्याला वेळ मोजता येत नाही त्याने बाकीचं मोजू नये. मला हे वाक्य फार आवडलं.

उद्या बर्फ नाही. सिग्नल टाळायला मागची गल्ली बघून ठेवली. चढाला मात्र इलाज नाही, म्हणून पाच मिनिटं वाढवली आहेत, ती पुरून उरतील. ९.२८ ला निघणार. काका म्हणाले, नऊला नीघ, नाहीतर मी गाडीने सोडतो. म्हटलं, सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद. ते म्हणाले, मला तर चाळीस लागतात. वय आहे, काय बोलणार. काकूंनी मध्येच विचारलं, अगं, पण तू रोज उशिरा पोहोचतेस ना. मी त्यांना तिन्ही कारणं समजावली. त्यांनी मान हलवली. ज्यांना पटत नाही तेही मान हलवतात.

२० फेब्रुवारी, सकाळी १०.०७

बाहेर बाकावर लिहिते आहे. दार बंद.

२० फेब्रुवारी, दुपारी १.३०

९.२८ ला निघाले. मध्ये कुठे थांबले नाही. बर्फ नव्हतं. सिग्नल नव्हता. गल्लीने अंतर वाढत नाही, पावलं मोजली आहेत. पोहोचले १०.०७ ला.

कॉरिडॉरमधलं घड्याळ तपासलं. बरोबर होतं.

हसरा बाहेर आला. तो ९.३० पासून आत होता, हजेरीवाल्याबरोबर बिस्किटं खात. जागा त्याला. म्हणाला, तू आली नाहीस म्हणून मी प्रोफेसरांना म्हटलं, थांबू या, ती कधीच चुकत नाही. सगळे हसले म्हणे. यात हसण्यासारखं काय आहे ते त्यालाही सांगता आलं नाही.

समन्वयक बाईंनी काकांचं पत्र वाचलं. परत वाचलं. म्हणाल्या, वर्षानुवर्षं पत्रं बघते आहे, हे फाइलला राहू देऊ का. मी म्हटलं, नको. कप्प्यात परत ठेवलं.

२७ फेब्रुवारी

विमानतळ. काकांनी सोडलं. चार तास आधी. वाटेत एवढंच म्हणाले, तू चालतेस छान, पण हळू चालतेस पोरी.

एक कान गेलेला आहे. डोळेही अधू झाले असावेत. काकूंनी डबा दिला आहे.

१ मार्च, सकाळी

घरी. आई, बाबा, दादा. सगळे अती प्रेमाने वागत आहेत, म्हणजे आईने त्यांना दम दिलेला असणार.

आमच्याकडे जेवताना-खाताना फोन टेबलावर ठेवायचा नाही, पहिल्यापासूनचा नियम. आज आई काही बोलली नाही म्हणून फोन ताटाशेजारी राहिला. फोनमध्ये ८.११. स्वयंपाकघरातल्या घड्याळात ८.२०.

मी म्हटलं, घड्याळ नऊ मिनिटं पुढे आहे.

बाबा खात राहिले. दादा चहात बघायला लागला. आई म्हणाली, हो.

कधीपासून, विचारलं. आई म्हणाली, तू पाचवीत गेलीस, नवी शाळा लांब पडायला लागली. रोज नऊ मिनिटं उशीर. बाईंनी वहीत लाल शाईने लिहून पाठवलं. तू म्हणालीस, शाळेची घंटा पुढे आहे. मग एका रविवारी तुझ्या बाबांनी काटे सरकवले.

दादाला विचारलं, तुला माहीत होतं. म्हणाला, सगळे वजा करतात. आत्या आली की तीसुद्धा करते. दूधवाल्यालाही माहीत आहे.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं.

बाबा म्हणाले, तू विचारलं नाहीस.

आई म्हणाली, आणि सांगितलं असतं तर तूही वजा केली असतीस. मग ते सहा कप कुठून आले असते.

कप शोकेसमध्ये आहेत. आई दर रविवारी पुसते.

२ मार्च

घर ते शाळेचं फाटक. सायकलचं चाक पुन्हा फिरवलं: २.४ किमी, बरोबर. फोनवर वेळ लावून चालले. एकोणतीस मिनिटं. परत येताना पुन्हा मोजलं. एकोणतीस.

२.४ भागिले एकोणतीस, गुणिले साठ. ताशी ४.९७.

नगरपालिकेच्या दोन्ही पत्रांना उत्तर लिहायला घेतलं. एक ओळ झाली. उरलेली सुचत नाही.

काकांना फोन केला. डाव्या कानाला धरा म्हटलं. आकडा सांगितला. ते म्हणाले, सांगितलंस, बरं केलंस.

३ मार्च, सकाळी ७.१० (म्हणजे ७.०१)

स्टूल स्वयंपाकघरातच असतं, घड्याळाच्या बरोबर खाली. उभी राहिले. मग बाजूला सरकवलं.

उद्या एका कारखान्यात नोकरीची मुलाखत, मापन विभागात. दहाला. आईने अंतर विचारलं नाही, वेग विचारला नाही. पोळी लाटता लाटता म्हणाली, साडेनऊला नीघ.

कोणत्या घड्याळाने, ते मी विचारलं नाही.